पासवर कोण कोण?

आमच्या घरात माणसं किती, याचं उत्तर दोन कागद दोन प्रकारे द्यायचे. रेशन कार्डावर आम्ही आठ जण होतो. रेल्वेच्या पासवर पाचच. आजोबा, आजी आणि नवऱ्याच्या मागे माहेरी परतलेली आत्या, हे तिघं साखर-रॉकेलच्या हिशेबात घरचे होते, पण गाडीत बसायची वेळ आली की परके. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या त्या दोन खोल्यांत हे कुणालाच खटकायचं नाही. नियम होता आणि नियमाशी भांडत बसायला रेल्वेतल्या माणसाला सवड नसते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, लोको शेडमध्ये फिटर होते. त्यामुळे ‘पास’ हा शब्द मी परीक्षेच्या आधी प्रवासाच्या अर्थाने शिकले. मुंबईकर ज्याला पास म्हणतात, तो महिन्याचे पैसे भरून काढलेला लोकलचा पास, तो हा नव्हे. हा नोकरीबरोबर येणारा, घरच्यांसह बिनभाड्याच्या प्रवासाचा. ग्रुप सीच्या, म्हणजे अण्णांसारख्या कामगार-कारकुनांच्या दर्जाच्या माणसाला पहिली पाच वर्षं वर्षाला एक सेट मिळतो, पाच वर्षं झाली की तीन. साहेब लोकांना सहा. सेट म्हणजे जाणं आणि येणं. एकाच बाजूचा असेल तर हाफ सेट. हे संपले की पीटीओ, म्हणजे सवलतीच्या तिकिटाची चिठ्ठी, ते आता वर्षाला चार. पीटीओवर भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा, म्हणजे नऊशेच्या तिकिटाला तीनशे. कॉलनीत पीटीओला फारसा मान नव्हता. पास असताना पीटीओ काढणं म्हणजे घरात आंबा असताना बाजारातून कैरी आणण्यासारखं, असं आई म्हणायची. तरी मे महिन्यात मामाकडचं लग्न निघालं की तोच उपयोगी पडायचा.

पासवर अंतराची मर्यादा नसते, ही त्यातली खरी श्रीमंती. भुसावळहून जळगाव आणि भुसावळहून कन्याकुमारी, दोन्हीला सेट एकच जातो. त्यामुळे जळगावला कुणी पासवर जात नसे. ते पाप समजलं जाई. जायचं तर नकाशाच्या टोकाला. आमच्या कॉलनीतल्या ज्या बायकांनी उभ्या आयुष्यात औरंगाबाद पाहिलं नव्हतं, त्यांनी रामेश्वर, जगन्नाथपुरी, हरिद्वार पाहिलेलं होतं. जवळचं राहून जायचं. मी स्वतः अजिंठ्याला गेले ती लग्नानंतर, आणि अजिंठा भुसावळहून बसने दोन-अडीच तासांवर आहे.

पास हातात येईपर्यंतचं काम अण्णांचं, त्यानंतरचं आईचं. अण्णा रजेचा अर्ज टाकत, मग पासचा. पास सेक्शनमधून तो लांबट गुलाबी कागद आला की आई आधी हात पुसून घ्यायची. सेकंड क्लासचा पास गुलाबी असायचा, फर्स्ट क्लासचा हिरवट. छापील रकान्यांत बॉलपेनने दाबून लिहिलेलं असे, कारण खाली कार्बन. कुठून, कुठपर्यंत, कोणत्या मार्गाने, कुठे कुठे उतरणार, आणि बरोबर कोण: स्वतः, पत्नी, मुलगे दोन, मुलगी एक. नावं नसत, नाती आणि वयं. मी त्या कागदावर वर्षानुवर्षं ‘मुलगी एक’ होते.

‘व्हाया’चा रकाना हा अण्णांचा प्रांत. सरळ, जवळचा मार्ग घ्यायचा हा नियम. थोडाफार वळसा चालतो, पण भारतदर्शन एका सेटमध्ये उरकायचं म्हटलं तर क्लार्क चष्म्यावरून बघतो. अण्णा आठ-आठ दिवस टाइमटेबल घेऊन बसत. कन्याकुमारीला जाताना नवजीवन एक्स्प्रेसने वर्धा, बल्लारशा, विजयवाडा करत मद्रास, तिथे उतरायचं, पुढे मदुराई, तिथे उतरायचं. उतरण्याची ठिकाणं पासवर आधीच लिहून घ्यावी लागत. म्हणजे प्रवास सुरू व्हायच्या तीन महिने आधी अण्णांना ठाऊक असे की मदुराईत आपण दोन रात्री काढणार आहोत. कुठे, ते मात्र मदुराईला उतरल्यावर बघायचं.

मग रिझर्व्हेशनची खिडकी. क्लार्क पास उलटा करायचा आणि पाठीमागच्या कोऱ्या जागेत गाडीचा नंबर, तारीख, डबा, बर्थ लिहून शिक्का मारायचा. तीन-चार टप्प्यांचा प्रवास असला की पासची पाठ भरून जायची, शिक्के एकमेकांवर चढायचे, आणि परत येईपर्यंत तो कागद घड्यांवर फाटायला आलेला असे. आई तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी बटव्यात आणि बटवा कमरेला लावून झोपायची. एवढं करून बर्थ मिळेलच असं नाही. पास असला म्हणून कन्फर्म होत नाही, हे बाहेरच्यांना कधीच पटत नाही. वेटिंगला आम्हीही असायचो. ट्रंकेवर बसून, खिडकीला पाण्याची छागल लटकवून, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मांडीवर घेऊन आम्ही इटारसी गाठलेलं आहे.

आता त्या तिघांकडे येते.

पासचे नियम आजही 1986 च्या नियमावलीत आहेत आणि तिच्यात कुटुंबाची व्याख्या आहे. नवरा किंवा बायको. मुलगा एकवीस वर्षांपर्यंत. पुढे शिकत असेल किंवा अपंग असेल तरच. मुलगी लग्न होईपर्यंत, मग ती कितीही वयाची असो. आणि ‘अवलंबून असलेले नातेवाईक’ म्हणून विधवा आई, अविवाहित किंवा विधवा बहीण, लहान भाऊ. पण कर्मचाऱ्याचे वडील हयात नसतील तरच, आणि त्यांचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच. म्हणजे बाप जिवंत आहे तोवर आई आणि बहीण त्याची जबाबदारी. तो गेला की मुलाची. आणि बाप? त्याचं नाव त्या यादीत कुठेच नाही.

आजोबा रावेरकडचे. थोडं शेत होतं ते विकून आमच्याकडे राहायला आलेले. त्यांना काशीला जायचं होतं. मुलगा रेल्वेत चिकटल्यापासून गावात सगळ्यांना सांगून ठेवलेलं की आता काशी झालीच समजा. अण्णांनी त्यांना नियम समजावला आणि म्हणाले, तुमचं तिकीट मी काढतो, त्यात काय. आजोबांना ते पटेना. “पोरगा रेल्वेत अन् बापाने तिकीट फाडायचं?” एवढंच म्हणाले. पैशाचा प्रश्न नव्हता. पोराच्या कागदावर आपलं नाव नाही, हे त्यांना गावाला सांगता येणार नव्हतं. दरवर्षी विषय निघायचा, दरवर्षी ते पुढच्या वर्षी म्हणायचे.

आजोबा गेले आणि आजी पासवर आली. आत्याही आली. अण्णांनी दाखला, अर्ज, प्रतिज्ञापत्र असं सगळं ऑफिसात दिलं आणि पुढच्या गुलाबी कागदावर ‘आई (विधवा) एक, बहीण (विधवा) एक’ असं लिहून आलं. महानगरी एक्स्प्रेसने आम्ही काशीला गेलो. इटारसी, जबलपूर, सतना, माणिकपूर. आजी सबंध रस्ता खिडकीशी बसून होती. माणिकपूरच्या आसपास कधीतरी ती आत्याला म्हणाली, “त्यांनी जागा करून दिली गं मला.” आत्या काहीच बोलली नाही. अण्णा उठून दाराशी गेले ते बराच वेळ आले नाहीत.

हा नियम करणाऱ्याच्या मनात दुष्टावा होता असं मला वाटत नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण घरात रेघ मारायची म्हटलं की ती कुणाच्या तरी अंगावरून जाते. आईवडील दोघांनाही पासवर घ्या ही संघटनांची मागणी जुनी आहे. अण्णाही युनियनच्या सभांना ती ऐकून यायचे आणि आल्यावर आजोबांच्या फोटोकडे न बघता जेवायला बसायचे.

कॉलनीत पासचा रंग सगळ्यांना माहीत असायचा. हळदीकुंकवाला कुणाच्या घरी जायचं आणि कुणाला फक्त ‘या हं’ म्हणायचं, यात पासचा काही वाटा नव्हता असं कुणी म्हणत असेल तर म्हणो बापडं. फोरमनच्या बायकोने “आमच्या ह्यांना आता फर्स्ट क्लास लागला” असं सांगितलं, त्याच्यानंतर महिनाभर आमच्या मातोश्रींना सेकंड क्लासच्या डब्यातल्या गर्दीचे फायदे आठवत होते. फर्स्ट क्लासात म्हणे कुणी बोलतच नाही.

एकवीस वर्षांच्या नियमाने कॉलनीतल्या मुलांचं शिक्षण मात्र वाढवलं. बोनाफाइड सर्टिफिकेट दिलं की मुलगा पासवर राहतो. त्यामुळे काही मुलांचं एम.ए. इतकं लांबलं की त्यांच्याबरोबरचे प्राध्यापक झाले. माझ्या धाकट्या भावाने तसं काही केलं नाही; तो एकविसाव्या वर्षी नोकरीला लागला आणि पासवरून उतरला. मोठा त्याच्या आधीच उतरला होता. राहिले मी. काही वर्षं त्या कागदावर अण्णा, आई, आजी, आत्या आणि ‘मुलगी एक’ असा ताफा होता. अविवाहित मुलीला वयाची अट नाही, हे शेजारच्या काकूंनी मला एवढ्या वेळा आणि अशा सुरात सांगितलं की ती सवलत आहे की टोमणा, तेच कळेनासं झालं होतं.

लग्न ठरलं तेव्हा आईने पहिल्यांदा काय हिशेब केला असेल, तर लग्नाच्या तारखेआधी एक सेट बसतो का. बसला. नंतर मी माहेरी येताना पुणे ते भुसावळ तिकीट काढून येऊ लागले. झेलम एक्स्प्रेसच्या त्या पहिल्या प्रवासात टीसी आला आणि माझ्या तोंडून सवयीने “स्टाफ” असं निघणार होतं. रेल्वेच्या पोरांना ते एवढ्या लहानपणी येतं, की डब्यात काळा कोट दिसला की जीभ आपोआप वळते. मी तिकीट दाखवलं. त्याने बघितलं, टिक केली, पुढे गेला. स्टाफ म्हटल्यावर टीसी निदान दोन शब्द बोलतो: कुठे आहेत वडील, कुठल्या शेडला. तिकीटवाल्याशी बोलायचं काय?

नवरा बँकेत. तिथे एलएफसी असते, म्हणजे रजेतल्या प्रवासाचं भाडं. आधी खर्च करा, बिलं जोडा, मग मिळवा. मला त्यात काही मजा वाटली नाही. पण बँकवाल्यांना कुणी कधी फुकटे म्हणताना मी ऐकलं नाही आणि रेल्वेवाल्यांना मात्र डब्यातला कुणीही म्हणतो. “तुमचं काय बुवा, फुकट आहे” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि प्रत्येक वेळी मला राग आलेला आहे. पास हा पगाराचा भाग आहे. इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांना एलटीसी, म्हणजे तसंच रजेतल्या प्रवासाचं भाडं, मिळायची, रेल्वेवाल्यांना ती नव्हती कारण पास होता. 2018 पासून चार वर्षांतून एकदा पास सोडून एलटीसी घ्यायची मुभा मिळाली. शिवाय दिवाळीच्या रात्री शेडमध्ये इंजिनाखाली झोपून ब्रेक बघणारा माणूस मे महिन्यात बायकोपोरांना रामेश्वर दाखवतो, तर त्यातलं फुकट नेमकं किती? 1974 च्या मे महिन्यात रेल्वेचा देशभरचा संप झाला, वीस दिवस, लाखो कामगार बाहेर. तेव्हा क्वार्टर खाली करा म्हणून दारं वाजली होती. मी तान्ही होते, आईकडून ऐकलेलं. कामगाराला रेल्वेने जे दिलं, ते काढूनही घेता येतं हे त्या पिढीला चांगलं माहीत होतं. म्हणूनच आई तो कागद कमरेला लावून झोपायची, असं मला आता वाटतं.

आणि फुकटाची गोष्ट निघालीच आहे तर, मध्यंतरी साध्या तिकिटावरही छापून येत असे की प्रवासाच्या खर्चातले सरासरी 57 टक्केच रेल्वे तुमच्याकडून घेते. म्हणजे पूर्ण तिकीट काढणाराही अर्धामुर्धा पासवालाच. ते वाचून डब्यातली मंडळी कशी गप्प बसत, ते बघायला मला आवडायचं.

माझी भाची सध्या इंग्लंडात शिकते. तिच्याकडे रेलकार्ड आहे. सोळा ते पंचवीस वयाच्या कुणालाही मिळतं, वर्षाचे पस्तीस पौंड भरले की बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. तिने फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, तुझ्या आजोबांच्या पीटीओवर एक तृतीयांश भरावं लागायचं, बाकीचं माफ. तुझं उलटं आहे. ती हसली. मग म्हणाली की तिच्याबरोबर शिकणाऱ्या एका मुलीचे वडील जुन्या ब्रिटिश रेल्वेतले, त्यांना आजही तिकिटावर पाऊण भाडं माफ आहे. तिथल्या रेल्वेचं खाजगीकरण झालं तेव्हा 1996 च्या एप्रिलआधी नोकरीत असलेल्यांची सवलत राखून ठेवली, आणि नंतर भरती झालेल्यांचं ज्या त्या कंपनीवर सोडलं. एकाच इंजिनात बसणारे दोन ड्रायव्हर, एकाच्या बायकोला पाव तिकीट, दुसऱ्याच्या बायकोचं काय ते त्याच्या कंपनीला विचारा. आमचा पास तिकडूनच आला, तेव्हा त्यांच्याकडेही रेघ असणारच. त्यांनी ती तारखेवर मारली, आपण नात्यावर. रेलकार्डाचं मात्र मला बरं वाटलं. बाप कुठे नोकरीला आहे हे तिथे कुणी विचारत नाही, पस्तीस पौंड दिले की झालं.

आपल्याकडे तसं एक होतं. ज्येष्ठ नागरिक. साठीच्या पुढच्या पुरुषाला 40 टक्के सूट, अठ्ठावन्नच्या पुढच्या बाईला 50. ना नोकरी विचारायची ना नातं, फक्त वय. 20 मार्च 2020 ला करोनाच्या काळात ती थांबवली ती थांबवलीच. विद्यार्थी, दिव्यांग, काही आजारांचे रुग्ण यांच्या सवलती राहिल्या, म्हाताऱ्यांची गेली. सरकार म्हणतं, सगळ्याच प्रवाशांना सरासरी 45 टक्क्यांच्या आसपास सूट आहेच की. असेल. पण आमच्या सोसायटीतल्या म्हाताऱ्या बायका गावी जाताना सरासरीने जात नाहीत, तिकिटाने जातात.

या सगळ्याचा गुंता सध्या भुसावळला आमच्या घरात होऊन बसला आहे.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा पंचवीस वर्षांवर नोकरी झालेली, म्हणून वर्षाला दोन सेट मिळत. ते गेल्यावर आईला विधवा पास लागू झाला. निम्म्या हिशेबाने, वर्षाला एक सेट. आत्या मात्र गळाली. भावाच्या पासवर बहीण बसते, भावजयीच्या पासवर नणंद बसत नाही. पंचवीस-तीस वर्षं ती अण्णांच्या कागदावरून हिंडली. आता त्या दोघीच घरात असतात, एकमेकींच्या औषधांच्या वेळा सांभाळतात, भांडतात, आणि नियमाच्या दृष्टीने एकमेकींच्या कुणी नाहीत.

गुलाबी कागद आता येत नाही. 2020 च्या ऑगस्टपासून ई-पास सुरू झाला. अर्ज ऑनलाइन, पास ऑनलाइन, बुकिंगही घरबसल्या. पुण्यात बसून मी आईचा पास काढते आणि ओटीपी तिच्या फोनवर येतो. तो तिने मला वाचून दाखवायचा असतो. आकडे ती बरोबर वाचते, पण आधी चष्मा शोधते, आणि चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मग पुन्हा. आत्या मागून ओरडते, “अगं, मला दे, मी वाचते.”

यंदाचा सेट अजून शिल्लक आहे आणि वर्ष संपत आलं आहे. वापरला नाही तर गेला. आईचं म्हणणं, जगन्नाथपुरीला जाऊ. लांबचं आहे, गाडी भुसावळवरून जाते, आणि पासवर लांबच जायचं असतं. आत्याचं म्हणणं, तुझं ठीक आहे, माझं पूर्ण तिकीट पडतं. मी काढते म्हटलं तर ऐकत नाही. शिलाईचे पैसे आहेत तिच्याकडे, तिकीट ती स्वतःच काढणार, आणि म्हणूनच लांबचं नको. शिवाय पासवाली आणि तिकीटवाली एका बुकिंगमध्ये येत नाहीत. दोघींचे पीएनआर वेगळे, डबेही वेगळे पडू शकतात. ऐंशीच्या घरातली बाई रात्री एकटी दुसऱ्या डब्यात कशी ठेवायची?

आत्याने तोड काढली आहे. पंच्याहत्तरच्या पुढे एसटीत महाराष्ट्रभर फुकट. हे 2022 पासून आहे. आईला पंच्याहत्तर पुरी व्हायला थोडे महिने आहेत, पण बायकांना अर्धं तिकीट आहेच. तेव्हा एसटीने पंढरपूरला जाऊ, असं तिचं म्हणणं. आधार कार्ड तिने पिशवीत घालून ठेवलंही आहे. आई म्हणते, रेल्वेवाल्याची बायको मी, एसटीने पंढरपूरला जाऊ? अंग खिळखिळं होईल. आणि पास वाया जाईल तो वेगळाच.

परवा रविवारी पुन्हा फोन केला तर दोघींचं बोलणं बंद होतं. आईने आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं, पुरीची वेटिंग लिस्ट बघून ठेव.